पिस्तूल परवान्याचा कोर्स: वेळापत्रक लावताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कागदावर 'रेंज: 1 तास' असं लिहून मोकळं होणं. रेंजचा, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागेवरचा, वेळ तासांत नाही, फेऱ्यांत मोजा. 12 शिकाऊ आणि 4 लेन (एकेकानं गोळी झाडायच्या जागा) म्हणजे 3 फेऱ्या. प्रत्येकी 50 राउंड (काडतुसं) धरले, तर मॅगझिन (काडतुसांची पेटी) भरणं, टार्गेट बदलणं, शस्त्र रिकामं असल्याची खात्री आणि गुण मोजणं यांसकट एक फेरी सहज अर्धा तास घेते. म्हणजे दीड तास झाला. तो तासाभरात कोंबला की शेवटच्या चौघांची धांदल उडते, आणि धांदलीतच बोट नको तेव्हा ट्रिगरवर जातं. एखादा राउंड उडाला नाही, तर नळी टार्गेटकडेच रोखून किमान 30 सेकंद थांबायचं असतं. हातात अशी सवड नसेल तर माणूस लगेच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढायला जातो.

रेंजवर जायच्या आधी 10 मिनिटांची सुट्टी हवीच. मी हे कधीच सोडत नाही. कुणाला मध्येच बाथरूमला जायचं झालं, तर मॅगझिन काढून, चेंबर (नळीमागची काडतूस बसण्याची जागा) रिकामं करून, स्लाइड उघडी ठेवून पिस्तूल टेबलावर ठेवावं लागतं आणि तोवर सगळी ओळ खोळंबते.

रेंजला लागूनच जेवणाची सुट्टी ठेवायला हरकत नाही, पण मध्ये हात धुण्यासाठी 15 मिनिटं सोडा. बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडाच्या ठिणगी देणाऱ्या भागात) शिसं असतं. ते हातावर, चेहऱ्यावर, बाहीवर बसतं. सॅनिटायझरने ते निघत नाही, साबण आणि पाणीच लागतं. पाण्याच्या बाटल्याही फायरिंग लाइनपासून लांब ठेवायच्या.

वाट पाहणारे आठ जण मागे नुसते उभे ठेवू नका. दुसरा प्रशिक्षक असेल तर त्यांना वर्गात नकली पिस्तुलावर पकड आणि उभं राहणं शिकवता येतं. जिवंत काडतूस मात्र वर्गात येताच कामा नये.

लेखी परीक्षा फायरिंगनंतर लगेच नको. माझ्या एका तुकडीत मी तसं केलं होतं. एका बाईंचा हात इतका थरथरत होता की स्वतःचं नावही त्यांना दोनदा लिहावं लागलं. आता मी सुरक्षेचा पाठ, सुट्टी, रेंज, जेवण, कायदा आणि शेवटी परीक्षा असा क्रम ठेवतो. रेंजच्या शेवटी अर्धा तास रिकामा असतो, ज्यांना दुसरी संधी लागते त्यांच्यासाठी.