परदेशी सून नागपुरात रुळावी म्हणून काय करावं

सून जर्मनीची असो, ब्राझीलची असो की व्हिएतनामची, नागपुरात तिची खरी अडचण एकच असते. प्रत्येक गोष्टीसाठी नवऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. ऑटो त्याने ठरवायचा, दूधवाल्याशी त्याने बोलायचं, बँकेत सही तिची आणि बोलणं त्याचं. हे सगळं मायेपोटी चालतं, म्हणून खटकत नाही. वर्षभरानंतर मात्र ती घरात पाहुणीच राहिलेली असते. म्हणून हा लेख तिच्यासाठी कमी आणि नागपूरच्या जोडीदारासाठी जास्त आहे. जावई परदेशी असेल तरी पायऱ्या याच. त्याला फक्त 'घरजावई' हा टोमणा जादा ऐकावा लागतो.

येण्याआधी

तारीख हातात असेल तर नोव्हेंबर धरा. हवा छान असते, संत्रा बाजारात येऊ लागतो, आणि उन्हाळ्याला तोंड द्यायला चार-पाच महिने मिळतात.

टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू, असं करू नका. भारतीयाच्या जोडीदारासाठी एंट्री व्हिसा असतो, त्यालाच एक्स व्हिसा म्हणतात. लग्न परदेशात झालं असेल तर विवाह प्रमाणपत्रावर तिकडेच अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची सरकारी मोहोर, करून आणा. जिथलं अपोस्टिल भारतात चालत नाही त्या देशात हे काम भारतीय दूतावासाकडून होतं. इथून ते करायचं म्हणजे कागद परत त्याच देशात धाडावा लागतो. लग्न नागपुरात नोंदवणार असाल तर विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे विवाह अधिकाऱ्याकडे 30 दिवसांची नोटीस लागते. त्याआधी दोघांपैकी एकाचं किमान 30 दिवस या जिल्ह्यात वास्तव्यही हवं. त्यामुळे परतीची तिकिटं काढून दोन आठवड्यांत उरकण्यासारखं हे काम नाही.

पहिले 14 दिवस

व्हिसावरचा शेरा नीट वाचा. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर राहायला आलेल्या परदेशी व्यक्तीने साधारणपणे 14 दिवसांच्या आत ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, पोर्टलवर नोंदणी करायची असते. नेमके याच दिवसांत नातेवाईक सून बघायला येतात आणि नोंदणी मागे पडते. आधी नोंदणी, मग काकू-आत्या. लॉगिन तिच्या ईमेलवर काढा, पासवर्ड तिच्याजवळ असू द्या. मोबाइलचं सिमही तिच्या पासपोर्टवर, तिच्या नावाने घ्या.

नोकरीबद्दल आधीच स्पष्ट बोला. एक्स व्हिसावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही. हे तिला इथे आल्यावर कळलं तर घरात भांडण ठरलेलं.

एकटीने बाहेर पडणं

सुरुवात मेट्रोने करा. दोनच मार्ग आहेत, ऑरेंज आणि ॲक्वा, आणि दोन्ही सीताबर्डीला मिळतात. ना भाव करायचा, ना कुणाला पत्ता समजावायचा. पहिल्यांदा सोबत जा, दुसऱ्यांदा ती पुढे आणि तुम्ही मागे, तिसऱ्यांदा घरीच थांबा. फोन करून 'पोहोचली का?' विचारायचा मोह आवरा.

मग भाजी. व्याकरणाचं पुस्तक नंतर, आधी पाव, अर्धा, दीड, अडीच, साडेतीन. अडीच आणि दीड डोक्यात बसायला परदेशी माणसाला वेळ लागतो, पण तेवढ्यावर अख्खा बाजार होतो. घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी असं आपलं गाव, त्यामुळे ती गोंधळते. सासू-सासरे सोबत राहत असतील तर मराठीच आधी, असं माझं मत आहे. रोज जेवायला ज्यांच्याशेजारी बसायचं त्यांचं बोलणं कळलं पाहिजे. आणि ती मराठीत अडखळत असताना तुम्ही मध्ये पडून वाक्य पुरं करू नका. आईलाही सांगून ठेवा.

सावजी पहिल्या महिन्यात नको. तर्री-पोहे चालतील, तर्री वेगळी मागून.

पहिला उन्हाळा

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो हे आकड्यात सांगून कळत नाही. थंड देशातली माणसं कूलर लावून खिडक्या बंद करतात, आणि खोली दमट होऊन जीव घुसमटतो. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी लागते, हे पहिल्याच दिवशी दाखवा. टाकी आठवड्याला रिकामी करून घासायची, नाहीतर डासांची सोय होते. बाहेरची कामं सकाळी 10 च्या आत, डोक्याला सुती दुपट्टा, घरी आल्यावर पन्हं. खिशात कांदा ठेवायचा की नाही ते आजीवर सोपवा.

सहा महिन्यांनंतर

गेल्या 12 महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीला आधार काढता येतं. पॅनसाठी परदेशी नागरिकांचा अर्ज वेगळा असतो, तो नीट पाहून घ्या. बँकेत तिच्या एकटीच्या नावाचं खातं हवंच, जोडखातं त्याशिवाय.

दोन वर्षांनंतर

लग्न नोंदलेलं असून सलग दोन वर्षं टिकलेलं असेल तर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. नाव 'सिटिझन' असलं तरी हे नागरिकत्व नव्हे, परदेशी पासपोर्टवर भारतात कायम राहायची मुभा आहे. पाकिस्तान वा बांगलादेशाचं नागरिकत्व असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या व्यक्तीला मात्र हे कार्ड मिळत नाही. कार्ड मिळालं की व्हिसाची कटकट आणि पोलिसांकडची नोंदणी, दोन्ही संपतात. नोकरीही करता येते, मतदान मात्र नाही. काटोलकडे संत्र्याची बाग विकत घ्यायची असेल तर ती तिच्या नावावर घेता येणार नाही, कारण ओसीआयधारकाला शेतजमीन खरेदी करता येत नाही. आणि घटस्फोट झाला तर या नात्यावर मिळालेलं कार्ड रद्द होऊ शकतं. हे बोलायला अवघड जातं, पण अर्जावर सही करण्याआधी तिला माहीत असायला हवं.