योगायोग उघडा पडावा म्हणून गोष्ट कशी सांगावी

आपापल्या आयुष्यातल्या गोष्टी एकमेकांना सांगायच्या आमच्या बैठकीत नवीन कुणी आलं की मी एकच विनंती करते: तपशील गाळू नका. ‘लहानपणी मी बराच काळ आजारी होते’ एवढंच म्हटलं तर ऐकणारे मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. आमच्यातल्या एका बाईंनी मात्र सांगितलं, की पायाला प्लास्टर होतं आणि समोरच्या खाटेवरच्या मुलीनं त्यावर निळ्या पेनानं जहाज काढून दिलं होतं. त्यांचं बोलणं संपल्यावर पलीकडच्या बाईंनी हळूच विचारलं, ‘झेंडा उलट्या बाजूला फडकत होता का?’ होता. मग कितीतरी वेळ दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. बैठकीत त्या बरेच महिने शेजारी-शेजारी बसत होत्या, पण तोवर दोघींचंही बोलणं ‘आजारी होते’ याच्या पुढे गेलं नव्हतं.

म्हणून सांगणाऱ्याला नेमके प्रश्न विचारा. तेव्हा हातात काय होतं? सोबत कोण होतं? कुठल्या गाडीनं गेलात? खिडकीतून काय दिसायचं? ‘तुम्हाला कसं वाटलं?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. तो आधी आला की माणसं ठरावीक उत्तर देतात.

बैठक सहा ते आठ जणांची असावी. आठ जणांत 28 जोड्या होतात, आणि योगायोग जोड्यांमध्ये दडलेले असतात. गणितातलं प्रसिद्ध उदाहरण आहे: 23 माणसं एकत्र आली तर त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते, कारण 23 जणांच्या जोड्या 253 होतात. हे कळल्यावर काही जण हिरमुसतात, ‘म्हणजे यात विशेष काहीच नाही’ म्हणतात. मला तसं वाटत नाही. कुणाचं तरी कुणाशी जुळेल एवढंच गणित सांगतं. जुळलेल्या त्या दोघांना त्यातून काय मिळालं, हा हिशेब त्यांचा त्यांनी करायचा. कार्यकारणाचा धागा नसतानाही दोन घटना अर्थानं जोडल्या जातात, या अनुभवाला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी ‘सिंक्रोनिसिटी’ हे नाव दिलं आणि 1952 साली त्यावर सविस्तर लिहिलं. त्यांचं सगळं पटलंच पाहिजे असं नाही. तो अनुभव खरा असतो, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जुळतंय असं वाटलं तरी मध्येच ओरडू नका. आधी गोष्ट पूर्ण होऊ द्या. मग दोघांनाही वेगवेगळे कागद द्या आणि साल, जागा, आजूबाजूची माणसं असं आठवेल ते एकमेकांना न दाखवता लिहायला सांगा. आठवण फार लवकर दुसऱ्याच्या शब्दांकडे झुकते. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांच्या 1974 च्या प्रयोगात अपघाताची तीच फिल्म पाहिलेल्या लोकांना गाडीच्या वेगाबद्दल विचारलं होतं. प्रश्नातलं एक क्रियापद बदललं आणि लोकांचा अंदाजही बदलला. कागद जुळले नाहीत तर तसं मोकळेपणानं म्हणा. न जुळलेल्या गोष्टीही ऐकण्यासारख्याच असतात.

दुःखाची गोष्ट चालू असताना ‘माझंही अगदी असंच झालं’ म्हणून कुणालाही उडी मारू देऊ नका. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ हे वाक्य तर आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. पहिल्याच भेटीत खोलातलं काही मागू नये. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी जोड्यांनी 36 प्रश्न एकमेकांना विचारले. प्रश्न हलके सुरू होऊन हळूहळू खोल जात, आणि उत्तरं दोघांनीही द्यायची असत. आपली बैठकही त्याच चालीनं चालवावी. एकानं सगळं उघड करायचं आणि बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं, असं कधी नको. इथलं बोलणं बाहेर सांगायचं असेल तर सांगणाऱ्याची परवानगी घ्यायची.

योगायोगानं ओळख होते, पण नातं वेळ दिल्यानंच तयार होतं. संवादाचे अभ्यासक जेफ्री हॉल यांच्या 2018 सालच्या अभ्यासानुसार साध्या ओळखीची मैत्री व्हायला सुमारे 50 तास लागतात आणि जिवलग मैत्रीला 200 हून जास्त. आठवड्याला दोन तास धरले तरी 200 तास भरायला जवळजवळ दोन वर्षं जातात. म्हणून बैठकीचा वार आणि वेळ बदलू नका. ज्या दोघांचं काही जुळलं, त्यांनी त्याच आठवड्यात एकमेकांना फोन करावा, आणि पुढच्या बैठकीचं एखादं काम दोघांवर मिळून सोपवावं: खुर्च्या मांडणं, नाहीतर वही लिहिणं.

वही हवीच. तारीख, सांगणाऱ्याचं नाव आणि चार-पाच खुणेचे शब्द, जसं की ‘प्लास्टर, निळं पेन, जहाज’, एवढं पुरतं. सुरुवातीला मागच्या वेळचं पान वाचायचं, आणि जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारपूस करायची. कित्येकदा त्या फोनवरच ‘अहो, तशी गाडी आमच्याकडेही होती’ असं निघतं.

आठांच्या बैठकीत नववा माणूस आला की आठ नव्या जोड्या होतात. त्या दिवशी जुन्यांनी आपली आधी सांगितलेलीच एखादी गोष्ट पुन्हा सांगावी, आणि नव्या माणसानं हवे तितके प्रश्न विचारावेत.