पाण्याखाली शूटिंगसाठी छोटा लाइट घेताना

पाण्यात पाच-सहा मीटर खाली गेलं की लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो आणि सगळं निळं-हिरवं दिसू लागतं. लाइट लागतो तो मुख्यतः हा रंग परत आणायला. म्हणून डब्यावरच्या ल्युमेनच्या (उजेडाच्या मापाच्या) आकड्याला भुलण्याआधी प्रकाशाचा कोन बघा. व्हिडिओसाठी तो १०० अंशांच्या आसपास हवा. साध्या डायव्ह टॉर्चचा अरुंद झोत फ्रेमच्या मधोमध पांढरा डाग पाडतो. सीआरआय, म्हणजे लाइट रंग किती अस्सल दाखवतो याचा आकडा, ९०च्या वर असेल तर प्रवाळाचे रंग खरे दिसतात.

हात-दीड हातावरच्या माशाला २००० ते २५०० ल्युमेन पुरतात. मात्र पूर्ण उजेड किती मिनिटं टिकतो, हे दुकानदाराला विचाराच.

मालवण-तारकर्लीच्या पाण्यात कण भरपूर. लाइट थेट कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलात, तर व्हिडिओत मासा कमी आणि बर्फ पडल्यासारखे ठिपकेच जास्त! माझ्या मते, जास्त ताकदीच्या लाइटऐवजी त्या पैशात एक लांब आर्म (कॅमेऱ्याला लाइट जोडणारा दांडा) घ्यावा. लाइट बाजूला न्यायचा आणि किंचित बाहेरच्या दिशेला वळवायचा.

बॅटरी सुटी निघणारी, १८६५० किंवा २१७०० मापाची असावी. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. आणि झाकण लावण्याआधी ओ-रिंगवरून (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवरून) बोट फिरवा: वाळूचा एक कण किंवा एक केसही पाणी आत घ्यायला पुरेसा असतो.