नाशकात कॉफीच्या बिया घेताना

पाकिटावर आधी भाजल्याची तारीख शोधा. ती नसेल तर पाकीट परत ठेवा. भाजून 7 ते 21 दिवस झालेल्या बिया उत्तम. अगदी ताज्या बियांतला कार्बन डायऑक्साइड पाणी मुरू देत नाही, नुसता फेस येतो. रोस्टर, म्हणजे बिया भाजून विकणारा, नाशिकचा असला तरी बिया बहुधा कर्नाटकातल्या चिकमंगळूर, कुर्ग नाहीतर आंध्रातल्या अराकूच्या.

दाक्षिणात्य स्टीलच्या फिल्टरसाठी मध्यम-गडद भाजणी घ्या. 20 ग्रॅम पूड, हलकी दाबून. वर 120 मिली पाणी, उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून. थेंब पडेनात? दळण फार बारीक झालंय. भराभर गळून पांचट लागली, तर जाडं.

पावसाळ्यात 250 ग्रॅमच्या वर घेऊ नका. डबा फ्रिजमध्ये तर नकोच, काढघाल केली की ओल धरते.