गणपतीपुढे मांडा ग्वाल्हेरचं ‘लॉयल्टी’ जहाज

ग्वाल्हेरला समुद्र नाही, पण शिंदे सरकारांचं जहाज होतं. जयविलास राजवाड्यात चांदीच्या आगगाडीपाशी सगळे थबकतात, जहाजाचं कोणी विचारतसुद्धा नाही. यंदाचा देखावा त्याचाच करा.

मूळची ही ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. इंग्लंडात बॅरोला बांधलेली, १८९१ पासून व्हँकूव्हर ते हाँगकाँग उतारू नेणारी आगबोट. पहिलं महायुद्ध चालू असताना, डिसेंबर १९१४ मध्ये, ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी ती विकत घेतली, नाव ‘लॉयल्टी’ ठेवलं आणि इतर संस्थानिकांच्या साथीनं भारतीय सैनिकांसाठी तरंगतं इस्पितळ केलं.

लांबी ४५६ फूट, रुंदी ५१. दोनशेपट लहान केली की साधारण ७० सेंटिमीटर आणि ८ सेंटिमीटर. टेबलावर सहज मावते. तळ आणि डेक खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचे कापा, बाजूंना कार्डशीट वाकवून फेविकॉलनं चिकटवा आणि रात्रभर चिमटे लावून ठेवा. नाक सरळ उभं ठेवू नका. या बोटीचं नाक शिडाच्या जहाजासारखं पुढे झेपावलेलं होतं, तीच तर हिची ओळख. डोलकाठ्या तीन, त्यांना जळून उरलेल्या उदबत्तीच्या काड्या चालतात. धुराडी दोन, जुन्या मार्करची नळी कापून. वर कापसाचा धूर हवाच, खाली कोळशाच्या भट्ट्या होत्या ना!

आता रंग. इथे घाई नको, कारण युद्धातली हिची सगळी कामगिरी रंगावरूनच कळते. १९०७ च्या हेग कराराप्रमाणे, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, इस्पितळी जहाज पांढरं, आणि त्यावर सुमारे दीड मीटर रुंद आडवा पट्टा: लष्करी असेल तर हिरवा, खासगी मदतीचं असेल तर तांबडा. आपण हिरवा घेऊ. आपल्या मापात तो पाऊण सेंटिमीटर होतो. इलेक्ट्रिशियनची हिरवी टेप उभी चिरली की झालं. अधूनमधून तांबडे क्रॉस काढा. रात्री पाणबुडीला ओळख पटावी म्हणून अशी जहाजं हिरव्या दिव्यांची ओळ लावत आणि क्रॉस उजळत. तेव्हा बाड्यावरून, म्हणजे ग्वाल्हेरच्या बाजारातून, दिव्यांची माळ आणाल तर फक्त हिरवी आणा. ती रंग बदलत लुकलुकणारी अजिबात नको.

मुलं डेकवर तोफा ठेवायला येतील. ठेवू देऊ नका! इस्पितळी जहाज लढाईच्या कामाला वापरायचं नाही, हाही त्या कराराचाच नियम. तोफांऐवजी माचिसच्या काड्यांची स्ट्रेचर करायला बसवा, तासभर घर शांत राहील.

शेजारी फलक लावा: युद्धानंतर बोट सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीनं घेतली; ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन; १९२३ मध्ये भंगारात गेली. अक्षर मोठं काढा, आरतीच्या गर्दीत चष्मा शोधायला कोणाला फुरसत नसते.