पीएचडीनंतर पोस्टडॉक करणाऱ्या सिस्टर, या चुका टाळा

वॉर्डात चांगली सिस्टर कोणाला म्हणतात? शेजारच्या बेडची सलाइन संपत आलेली दिसली की न सांगता बदलते ती. दुसरीची नाईट करते, राउंडच्या आधी कुणाचंही राहिलेलं चार्टिंग पुरं करून ठेवते ती. मला या सवयीचा अभिमान होता. अमेरिकेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं प्रशिक्षण, करताना पहिल्याच वर्षी तीच माझ्या मुळावर आली.

प्रोजेक्टमधलं कोणी रजेवर गेलं की रुग्णांना अभ्यासात सामील करून घ्यायचं काम माझ्याकडे. संमतीपत्रं तपासणं माझ्याकडे, मीटिंगचं टिपण माझ्याकडे. दहाव्या महिन्यात मेंटॉरनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, विचारलं, ‘तुझा पेपर कुठवर आला?’ दाखवायला माझ्याकडे दुसऱ्यांच्या कामाची एक लांबलचक एक्सेल शीट होती. पोस्टडॉक ही पुढची पदवी नाही आणि तात्पुरती नोकरीही नाही. एक प्रश्न स्वतःचा करून घ्यायला मिळालेली ती दोन-तीन वर्षं असतात. म्हणून कोणता डेटा मी वापरणार, कोणत्या पेपरवर माझं नाव पहिलं, आठवड्यातले किती दिवस माझ्या कामाचे, हे पहिल्या महिन्यातच कागदावर आणा. जादा काम आलं तर तोंडावर ‘नाही’ म्हणणं आपल्याला जमत नाही, मलाही जमलं नाही. पण ‘करते, फक्त मग या महिन्यात माझा पेपर जाणार नाही, आधी कोणतं करू?’ एवढं विचारता येतं. निम्म्या वेळा ते काम आपोआप दुसरीकडे जातं.

एसटीपीच्या बाहेर या

आपल्या एमएस्सीचे, आणि खरं सांगायचं तर कित्येक पीएचडीचेही, विषय डोळे मिटून सांगता येतात: अमुक गटाच्या अमुक आजाराबद्दलच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमचा (एसटीपी, म्हणजे ठरवून आखलेल्या शिकवणीचा) परिणाम. आधी प्रश्नावली, मग चार्ट दाखवून तासभर शिकवणं, आठवड्याने तीच प्रश्नावली. गुण वाढतात, पी व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी येते (म्हणजे फरक योगायोगाचा वाटत नाही), प्रबंध बांधला जातो. शिकवल्यावर लगेच गुण वाढणार नाहीत तर काय होणार?

पोस्टडॉकच्या मुलाखतीत साधा प्रश्न येतो: त्याने रुग्णाचं काय बदललं? जखम लवकर भरली, पुन्हा भरती टळली, औषध चुकलं नाही, असं काही? तुलनेला दुसरा गट होता का? उत्तर नसेल तर सारवासारव करू नका. ‘माझ्या अभ्यासाची ही मर्यादा होती, म्हणूनच मला आता तुमच्याकडे अमुक पद्धत शिकायची आहे’ असं सांगा. ती पद्धत कोणती, हे मात्र नेमकं हवं. ‘रिसर्च मेथडॉलॉजी शिकायची आहे’ हे उत्तर नव्हे.

पहिला ईमेलही असाच फसतो. ‘आदरणीय मॅडम, मला कर्करोग, मधुमेह, वृद्धांची काळजी आणि मानसिक आरोग्य यांत रस आहे, कृपया संधी द्यावी.’ असा मेल एकाच दिवशी चाळीस जणांना जातो आणि वाचणारीलाही ते कळतं. त्यांचा एक पेपर नीट वाचा, त्यातलं कुठलं टोक मोकळं राहिलंय ते दोन ओळींत लिहा, तुमच्याकडचं काय तिथे उपयोगी पडेल ते दोन ओळींत. पुरे.

पैसा आणि व्हिसा

अमेरिकेत या प्रशिक्षणाचा बराच पैसा एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेकडून येतो. तिथे नर्सिंग संशोधनाचं केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं आणि १९९३ मध्ये त्याला स्वतंत्र इन्स्टिट्यूटचा दर्जा मिळाला. चूक अशी होते की जाहिरात दिसली की आपण टी-३२ किंवा एफ-३२ या एनआयएचच्या प्रशिक्षण-निधींसाठी महिनाभर झटतो. या दोन्हींना अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, आणि ही अट बारीक अक्षरांत असते. के-९९ या त्यांच्याच दुसऱ्या निधीला ती अट नाही, पण पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांहून जास्त झाला की दार बंद. आपल्याकडून गेलेल्या बहुतेक जणी मेंटॉरच्या प्रोजेक्टच्या ग्रँटमधून पगार घेतात. मग ‘ही ग्रँट कधी संपते?’ हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारायला लाजायचं कशाला?

पोस्टडॉकसाठी बरेचदा जे-१ हा एक्स्चेंज व्हिजिटरचा व्हिसा मिळतो, त्यावर आणखी एक खड्डा आहे. रिसर्च स्कॉलर या वर्गात पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण मध्येच कार्यक्रम संपवून परत आलात तर त्याच वर्गात पुढचे २४ महिने जाता येत नाही. ‘आठ महिने जाऊन बघते, नंतर पुन्हा जाईन’ हा बेत इथेच फसतो. सहा महिन्यांच्या आतलं काम असेल तर शॉर्ट-टर्म स्कॉलर हा वेगळा वर्ग आहे, त्याला हा अडसर नाही. जे-१ संपल्यावर काहींना आधी मायदेशी दोन वर्षं राहावं लागतं, ती अट निराळी. कोणत्या देशाला कोणती कौशल्यं परत हवीत, अशी अमेरिकेची एक कौशल्य-यादी आहे; डिसेंबर २०२४ मध्ये तिच्यातून भारताचं नाव निघालं, त्यामुळे त्या यादीपोटी ती आता लागत नाही. सरकारी पैशावर गेलात, उदाहरणार्थ फुलब्राइट शिष्यवृत्तीवर, तर लागतेच.

‘आता बारा आणे कमी हाय’

परदेशी राहून महाराष्ट्रातला डेटा वापरायचा, हा बेत पुष्कळ जणींचा असतो. चांगला आहे. पण तिकडची मोजपट्टी, म्हणजे वेदना, थकवा असं काही मोजायची प्रश्नावली, मराठीत आणणं म्हणजे इंग्रजीच्या प्राध्यापकांकडून भाषांतर करून घेणं, असं समजून मोठी चूक होते.

आम्ही शून्य ते दहा ही वेदनेची साधी पट्टी वापरून पाहत होतो. एका मावशींना विचारलं, ‘शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सगळ्यात जास्त. आत्ता किती?’ मावशी म्हणाल्या, ‘आता बारा आणे कमी हाय.’ उत्तर अगदी स्पष्ट होतं, फक्त ते आमच्या प्रश्नाचं नव्हतं. आम्ही आत्ताची वेदना विचारत होतो, त्या उतार किती पडला ते सांगत होत्या. मुलाखत घेणाऱ्या मुलीने हिशेब करून तीन लिहून टाकलं! शंभर फॉर्ममध्ये असं झालं तर कुठलं स्टॅटिस्टिक्स ते दुरुस्त करणार? दुसऱ्या एका आजींनी ‘दहापैकी’ ऐकलं आणि परीक्षेतल्यासारखे चांगले गुण दिले. त्यांना बरं वाटत होतं.

म्हणून क्रम चुकवू नका. आधी मूळ हक्कधारकाची लेखी परवानगी. मग दोघांकडून स्वतंत्र भाषांतर, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट (मराठीतून पुन्हा इंग्रजीत) भाषांतर, तज्ज्ञांची बैठक. उलट भाषांतर जुळलं की लोक थांबतात, आणि फसतात ते तिथेच. ‘फटीग’चं ‘थकवा’ होतं, ‘थकव्या’चं पुन्हा ‘फटीग’, कागदावर सगळं छान. पण केमो चालू असलेली बाई म्हणते, ‘थकवा कसला, मी काम कुठं करते? नुसतं गळून गेल्यासारखं होतं.’ हे वाक्य कुठल्याही तज्ज्ञ समितीत ऐकू येत नाही. त्यासाठी रुग्णासमोर बसून, एकेक प्रश्न वाचून, ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ असं विचारावं लागतं.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. भारतात आरोग्य-संशोधनात परदेशी सहभाग किंवा निधी असेल तर एथिक्स कमिटीखेरीज आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते. तिचा अर्ज आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, हिच्यामार्फत जातो. ट्रायल, म्हणजे उपचाराची चाचणी, असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद पहिला रुग्ण घेण्याआधीच हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. मला एका हॉस्पिटलात कोणीतरी ‘डेटा गोळा करायला लागा, कागद मागून येतील’ असं सांगितलं होतं. मी लागले नाही, म्हणून वाचले.

मेंटॉर भेटतच नसतील तर

ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. त्यांना वेळ नसतो आणि आपण ‘त्रास कशाला’ म्हणून गप्प बसतो. मला इथे वॉर्डाचीच एक सवय कामी आली: ओव्हर देणं. शिफ्ट संपताना पुढच्या सिस्टरला आपण बेड नंबर पाचचा अख्खा इतिहास सांगत नाही. काय झालं, काय राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं, बस. मी दर शुक्रवारी तसा मेल टाकायला लागले आणि शेवटी एकच प्रश्न ठेवू लागले, त्यांना निर्णय घेता येईल असा. पहिला मेल असा होता: ‘नऊ मुलाखती झाल्या. शेवटच्या तिघींकडून नवीन काही निघालं नाही. दोन प्रश्नांचे शब्द बदलले, सोबत जोडले आहेत. इथे थांबू की आणखी घेऊ?’

महिनाभर भेट न मिळालेल्या माणसाचं उत्तर त्याच दुपारी आलं. ‘आणखी तीन घे. साठीच्या पुढच्या, आणि शाळेत न गेलेल्या.’