रेसिडेंटला पायाची बायपास करू देताय? मग आधी हे ठरवा

"आजची फेम-पॉप (जांघेतल्या धमनीपासून गुडघ्यामागच्या धमनीपर्यंतची बायपास) तू कर" असं सकाळी हात धुता धुता सांगायचं नसतं. आदल्या दिवशी अँजिओ (डाय टाकून काढलेली धमन्यांची चित्रं) समोर ठेवून बसा आणि कुठली स्टेप रेसिडेंटची, म्हणजे शिकणाऱ्या डॉक्टरची, कुठली तुमची ते ठरवा. सुरुवातीला जांघेतलं एक्सपोजर (धमनी उघडी करून समोर आणणं) आणि वरचा जोड (बायपासची नळी धमनीला शिवतात तो) द्या, तिथली धमनी मोठी असते, टाका चुकला तर परत घेता येतो. गुडघ्याखालचा जोड नंतर कधीतरी. आधी ऑपरेशन झालेली जांघ, चुन्यासारखी कडक धमनी, किंवा पाय थंड पडून तास मोजणं चाललंय अशी केस शिकवायला घेऊच नका, माझं तरी हेच मत आहे. आणि कन्सेंट घेताना टीममध्ये शिकणारा डॉक्टर आहे नि सिनियर टेबलावरच असणार हे पेशंटला सरळ सांगा. टेबलावर म्हणजे स्क्रब होऊन हां, बाजूच्या खोलीत चहा पीत नाही!

टाइम आउटला (चीर देण्याआधी सगळी टीम थांबून खात्री करते तेव्हा) सगळे नाव आणि काम सांगतातच, तेव्हाच कोण काय करणार तेही मोठ्याने बोलून घ्या.

धमनी उघडायच्या आधी वर-खाली दोन्हीकडे लूप (धमनीभोवती घालायचे पट्टे) हवेतच, फांद्यांनाही. हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) किलोला साधारण 70 ते 100 युनिट, मग तीनेक मिनिटं थांबायचं आणि क्लॅम्पची (धमनी बंद करणाऱ्या चिमट्याची) वेळ बोर्डावर लिहायची. टाके घेताना सुईवर नजर ठेवा, नवीन मुलं हमखास बाहेरून आत घालतात. धमनीच्या बाजूला सुई आतून बाहेर काढायची, नाहीतर आतला प्लाक (धमनीत साचलेला थर) सुटून पडद्यासारखा उभा राहतो आणि रक्त सुरू झालं की वाट बंद. बायपाससाठी घेतलेल्या शिरेला पीळ पडू नये म्हणून टनेलमधून (पायात आतून केलेल्या वाटेतून) नेण्याआधी तिच्यावर पेनने सरळ रेघ मारा.

रक्त उडालं तर नियम एकच, बोट दाबून ठेव आणि थांब. आंधळेपणाने क्लॅम्प मारायचा नाही. सिनियरने "दे इकडे" म्हटलं की लगेच द्यायचं, चर्चा नंतर, आणि सिनियरनेही तेव्हा सगळ्यांसमोर झापू नये, नाहीतर पुढच्या वेळी पोरगं अडचण लपवतं.

शेवटची गाठ मारण्याआधी फ्लश (हवा-गुठळ्या निघाव्यात म्हणून थोडं रक्त सोडणं), क्लॅम्प सोडताना ॲनेस्थेटिस्टला आवाज, आणि जखम बंद करण्याआधी पावलावर डॉपलर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र). रात्री दर तासाला डॉपलर ज्याने टाके घेतले त्यानेच लावायचा. आवाज गेला किंवा पोटरी दगडासारखी लागली तर मधल्या कुणाला न विचारता थेट कन्सल्टंटला फोन, कितीही वाजलेले असोत.